टोपलीत शिल्लक राहिलेली तार

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी ‘अर्धी बाही’वरची पहिली प्रतिक्रिया वाचकांच्या साइटवर आली. पुस्तक दुकानांत यायचं होतं दहा वाजता.

संपादिकेने ती वाचली तेव्हा ती स्वयंपाकघरात उभी होती आणि गॅसवर चहाला उकळी फुटत होती. प्रतिक्रिया लिहिणाऱ्याने ‘सातवा भाऊ’ असं टोपणनाव घेतलं होतं. पाचपैकी पाच तारे दिले होते. मजकूर एवढाच होता:

‘शेवटच्या प्रकरणात खिडकीतला तो टवका उडालेला पेला आला आणि मला पुढचं वाचवेना. टोपलीत तार शिल्लक होती, तरी तिने सुई खाली ठेवली. सहा पुस्तकं जे तिच्याबरोबर गप्प बसले, त्यांना हे कळेल. ज्यांना बाही पुरी हवी होती त्यांनी शिंप्याकडे जावं.’

चहा उतू गेला. संपादिकेने गॅस बंद केला, ओटा पुसला आणि मजकूर पुन्हा वाचला. मघाशी मनात चुकचुकलेली पाल आता चांगली भिंतीवर येऊन बसली.

मालिका सहा पुस्तकांची होती, ‘अर्धी बाही’ हे त्यातलं शेवटचं. गोष्ट जुनीच, कुणीही लहानपणी ऐकलेली: सावत्र आईच्या शापाने सहा भाऊ पक्षी होतात, धाकट्या बहिणीने एकही शब्द न बोलता सहा सदरे विणायचे, मगच ते पुन्हा माणसं होणार. लेखिकेने ती उचलून पुढच्या कुठल्यातरी शतकात नेऊन ठेवली होती. तिथे शहर ढगांच्या वर तरंगत होतं, सावत्र आई म्हणजे शहर चालवणारं यंत्र होतं, भाऊ पहारा देणारी उडती यंत्रं झाले होते आणि सदरे विणायचे होते हात पोळणाऱ्या तारेचे. एका पुस्तकात एक भाऊ सुटायचा. सहाव्यात धाकट्याची पाळी होती. त्याच्या सदऱ्याची एक बाही अर्धी राहते आणि तो एका बाजूला हात, दुसऱ्या बाजूला पातं असा माणसांत परत येतो. बहीण तोंड उघडते ती शेवटच्या ओळीत.

बाही अर्धी का राहिली? वेळ संपला म्हणून, की बहिणीने मुद्दामच सोडली? यावरून लेखिका आणि संपादिका महिनाभर भांडल्या होत्या. लेखिकेने वाक्य लिहिलं होतं: ‘टोपलीत तार शिल्लक होती.’ म्हणजे मुद्दाम. संपादिकेचं म्हणणं, हे वाक्य काढ, वाचकाला ठरवू दे. शेवटी लेखिका नाइलाजाने हो म्हणाली आणि वाक्य गेलं. छापलेल्या पुस्तकात ते नव्हतं. पण ‘सातव्या भावा’ने ते वाचलं होतं. म्हणजे त्याच्या हाती छापील पुस्तक नाही, त्याआधीची कच्ची प्रत लागली होती.

कच्च्या प्रती चारच निघाल्या होत्या. एक प्रकाशनाच्या मालकांना, एक चित्रकाराला, एक लेखिकेच्या नवऱ्याला. तो दंतवैद्य होता आणि दोन दातांच्या मधल्या वेळेत बायकोचं लिखाण वाचत असे. चौथी प्रत संपादिकेची स्वतःची. आणि प्रत्येक प्रतीत तिने एक खूण पेरली होती. ही तिची जुनी रीत, कुणालाही न सांगितलेली. शेवटच्या प्रकरणात खिडकीत एक पेला येतो. लेखिकेने लिहिला होता पत्र्याचा. मालकांच्या प्रतीत तो पितळी झाला, चित्रकाराच्या प्रतीत लाकडी, दंतवैद्याच्या प्रतीत काचेचा. मजकूर बाहेर फुटलाच तर पेल्यावरून प्रत कळावी. तिसऱ्या पुस्तकाच्या वेळी आधीचा चित्रकार असाच सापडला होता. प्रत बाहेर जाऊ देईल त्याचा मालिकेशी संबंध संपला, हा नियम तिचाच होता, आणि तो तिने राबवलाही होता.

संपादिकेच्या स्वतःच्या प्रतीत पेला चिनी मातीचा होता, टवका उडालेला. स्वतःलाही खुणेतून वगळायचं नाही, इतकी ती काटेकोर होती. आता तेच अंगाशी आलं होतं.

ती प्रत घराबाहेर गेलेली नव्हती. कपाटात, कापडी पिशवीत, रबर लावून ठेवली होती. तिने कपाट उघडलं. पिशवी जागेवर होती. प्रतही होती. रबर एकदाच गुंडाळलेलं होतं. आपण दोनदा गुंडाळतो, असं तिला वाटलं. मग वाटलं, नेहमीच दोनदा गुंडाळतो का? दुसऱ्या कुणी असा जबाब दिला असता तर तिने त्याला तिथेच थांबवलं असतं.

घरात राहत होत्या दोघीच. ती आणि तिची लेक.

लेक वास्तुरचनेच्या दुसऱ्या वर्षाला होती. मालिकेचं पहिलं पुस्तक आलं तेव्हा ती शाळेत होती, आणि त्या उन्हाळ्यात आठवडाभर घरात न बोलता वावरली होती, बहिणीसारखी. पाणी हवं असलं तरी खुणा करायची. पुढचं प्रत्येक पुस्तक तिने इतरांसारखं दुकानातून विकत घेतलं, कारण आई कच्ची प्रत दाखवत नसे. सहाव्याच्या वेळी मात्र तिने दोनदा विचारलं होतं. एकदा सरळ, आणि एकदा गमतीत: शेवटचं पान फक्त लांबून दाखव, चष्मा काढून बघते. संपादिका दोन्ही वेळा नाही म्हणाली होती.

लेक खोलीतून बाहेर आली ती आवरूनच. खांद्याला नकाशांची नळी, हातात मोबाइल. डोळे लाल होते. रात्रभर वाचून होतात तसे. किंवा सर्दीने होतात तसे, कारण ती दोन दिवस शिंकत होती. एरवी साडेसातशिवाय न उठणारी पोरगी आज इतक्या लवकर कशी, असं संपादिकेने विचारलं. लेक म्हणाली, मॉडेल पुरं करायचंय, पुठ्ठा कापायला स्टुडिओत जागा मिळत नाही नंतर. उत्तर चोख होतं. फारच चोख, असं संपादिकेला वाटलं, आणि तसं वाटल्याचा तिला रागही आला.

तिने मोबाइल लेकीसमोर धरला. लेकीने प्रतिक्रिया वाचली, आणि शिंप्याच्या वाक्यापाशी तिच्या ओठांचा कोपरा हलला.

“टवका उडालेला पेला फक्त माझ्या प्रतीत आहे,” संपादिका म्हणाली. “जगात दुसरीकडे कुठेच नाही.”

लेकीने पेल्याचं वाक्य पुन्हा वाचलं.

“तू वाचलीस का ती प्रत?”

लेकीने नळीचा पट्टा खांद्यावर नीट केला. मग आईकडे पाहिलं, अगदी शांतपणे, समोरच्याने आधी बोलावं म्हणून थांबतात तसं.

“तुला काय वाटतं?” ती म्हणाली.

संपादिकेने सांगितलं की प्रश्न वाटण्याचा नाही, हो की नाही एवढाच आहे. नाही असेल तर नाही म्हण, मी पुढचं बघते. लेकीने टोस्टचा तुकडा उचलला, तो न खाता परत ठेवला, बूट घातले आणि दार ओढून घेतलं. आपटलं नाही. आपटलं असतं तर संपादिकेला बरं वाटलं असतं. आपटलेल्या दाराचा काहीतरी अर्थ लावता येतो.

तारेच्या वाक्याबद्दल तिने लेकीपाशी अवाक्षरही काढलं नव्हतं. ती उमेदवारीची वर्षं वर्तमानपत्रात काढलेली बाई. ज्याच्यावर संशय आहे त्याच्यापुढे सगळी माहिती ओतायची नाही, एक गोष्ट हातची राखायची, हे तिच्या अंगवळणी पडलं होतं.

ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, खाली झेरॉक्सचं दुकान. जिन्यात कागदाच्या धुळीचा वास. मालक खुशीत होते. त्यांनी ‘सातव्या भावा’ची प्रतिक्रिया छापून घेऊन भिंतीला चिकटवली होती. संपादिका म्हणाली, मालक, ही विक्री सुरू व्हायच्या आधीची आहे.

मालकांनी चष्मा कपाळावर चढवला. त्यांच्या मते कुठल्यातरी दुकानदाराने काल आलेला खोका रात्रीच उघडला असणार, पोराबाळांना दिला असणार. “बाई, पाच तारे आहेत,” ते म्हणाले. “चोराने घरात शिरून भांडी घासून ठेवली, तर पोलिसांत जायचं का?”

खोक्यातून हे येऊच शकत नाही, कारण हे खोक्यात नाहीच, हे तिच्या जिभेवर आलं होतं. ते बोलायचं तर पुढचं वाक्य होतं, प्रत माझ्या घरातून फुटली. आणि त्याच्या पुढचं वाक्य मालकांना बोलावंच लागलं नसतं, ते तिच्याच नियमात लिहिलेलं होतं. लेखिकेची पुढची मालिका ठरत होती. ती दुसऱ्या कुणाच्या टेबलावर गेली असती. तेही एकवेळ सोसता आलं असतं. पण मालकांना कारण काय सांगायचं? माझ्या मुलीने? आणि ते सांगून झाल्यावर घरी जाऊन त्या मुलीच्या समोर जेवायला बसायचं? तिने एवढंच म्हटलं की दुपारपर्यंत चौकशी करून सांगते.

दहा वाजले आणि प्रतिक्रिया यायला लागल्या. आधी थेंब थेंब, मग धो धो.

पहिल्या तासात आल्या त्या पुस्तक न वाचणाऱ्यांच्या. मुखपृष्ठ छान, कागद पातळ, पार्सल भिजलं. एकाने लिहिलं की मी दुसऱ्यांदा वाचतोय. पुस्तक मिळून त्याला वीस मिनिटं झाली असतील. दुपारी खरे वाचक आले, आणि त्यांनी रान उठवलं. पाच पुस्तकं श्वास रोखून धरला तो या अर्ध्या बाहीसाठी का, असं एका नर्सबाईंनी विचारलं होतं. कुणी लिहिलं, शाळेत शिवणकामात मला याच कामाचे शून्य मार्क मिळाले होते, इथे लेखिकेला टाळ्या. एका गृहस्थांना बायकोने विचारलं की का रडताय, कोण गेलं. त्यांनी सांगितलं, कुणी गेलं नाही, एक जण परत आला, पण थोडा कमी आला. एकीने लेखिकेला उरलेली बाही स्वतः विणून पाठवायचं जाहीर केलं होतं आणि धाकट्याच्या दंडाचं माप मागितलं होतं. भांडण मात्र सगळ्यांचं एकच: वेळ संपला, की तिनेच सोडली? दोन तट पडले आणि एकमेकांची अक्कल काढू लागले.

संपादिकेला हेच हवं होतं. याचसाठी ते वाक्य काढलं होतं. एरवी तिने स्वतःची पाठ थोपटून घेतली असती.

पण तिचं लक्ष पेल्यावर होतं. नर्सबाईंच्या प्रतिक्रियेत टवका उडालेला पेला आला. तिला वाटलं, बाईंनी सकाळची प्रतिक्रिया वाचून उचललंय. मग एका ग्रंथपालाने लिहिलं, त्या टवक्याला ओठ लागू नये म्हणून बहीण पेला फिरवून धरते, ही जागा फार सुंदर आहे. फिरवून धरण्याबद्दल ‘सातव्या भावा’ने काही लिहिलं नव्हतं.

तिच्या टेबलावर सकाळपासून छापील प्रतींचा गठ्ठा होता, पट्टी न तोडलेला. छापून आलेलं पुस्तक ती आठवडाभर उघडत नसे. ही सवय वर्तमानपत्रातली. अंक छपाईला गेला की त्याच्याकडे बघायचं नाही. बघितलं की पहिली नजर चुकीवरच पडते, आणि छापलेली चूक कुणाच्या बापाला पुसता येत नाही. ऑफिसात सगळे यावरून तिची थट्टा करत. लग्न लावून देते आणि वरातीला पाठ करून बसते, असं मालक म्हणत.

तिने कात्रीने पट्टी तोडली, वरचं पुस्तक घेतलं आणि शेवटचं प्रकरण उघडलं.

खिडकीत पेला होता. चिनी मातीचा, टवका उडालेला.

पुस्तक मिटून ती काही वेळ पंख्याकडे पाहत बसली. मग सगळं जागच्या जागी बसलं. शेवटच्या आठवड्यात लेखिकेने फोनवरून, तुकड्यातुकड्याने बदल सांगितले होते, आणि संपादिकेने ते समोर उघड्या असलेल्या फाइलमध्ये घातले होते. समोर उघडी होती ती तिची स्वतःची, खूण पेरलेली. तारेचं वाक्य तिने तिथूनच काढलं होतं. त्याच बैठकीत, दोन परिच्छेद वर, पेला तसाच राहिला. मुद्रितं तपासताना तो तिला दिसलाही असणार, पण तिच्या डोळ्यांना तोच सरावाचा झाला होता. इतरांना पकडायला लावलेल्या जाळ्यात ती स्वतः, आख्ख्या आवृत्तीसकट, जाऊन बसली होती.

म्हणजे पेल्यावरून काहीच सिद्ध होत नव्हतं. हा पेला आता सगळ्या शहरात होता. सकाळी लेकीला ती ठामपणे म्हणाली होती, जगात दुसरीकडे कुठेच नाही.

पण तारेचं वाक्य होतंच. ते छापील पुस्तकात नाही, हे तिने पुन्हा पाहून घेतलं, पानावर बोट ठेवून. ‘सातव्या भावा’ने कच्ची प्रत वाचलेली होती, हे कायम. कुणाची, तेवढं मात्र आता सांगता येत नव्हतं.

तिने लेखिकेला फोन लावला. दोघी कॉलेजपासूनच्या मैत्रिणी. लेखिका तिला मास्तरीण म्हणायची, आधी चिडवायला आणि आता सवयीने. लेखिका तेव्हा मोठ्या पुस्तकांच्या दुकानात सह्या करत होती. ती मागच्या खोलीत आली तसा रांगेचा गलबला मागे पडला. संपादिकेने आडपडदा न ठेवता सांगितलं की तुझा पत्र्याचा पेला बदलून छापला गेलाय, चूक माझी.

“अगं, मला वाटलं मुद्दाम केलंस,” लेखिका म्हणाली. “काल माझ्या प्रती आल्या तेव्हाच पाहिलं. बरा वाटला. म्हणून गप्प बसले.”

संपादिकेच्या हातातलं पेन थांबलं. लेखिकेने काल छापील पुस्तक वाचलं होतं. तिला टवका उडालेला पेला माहीत होता. आणि तारेचं वाक्य तर तिचंच होतं.

तिने आवाज होता तसाच ठेवला. म्हणाली, आणखी एक गोष्ट आहे. सकाळच्या त्या पहिल्या प्रतिक्रियेत, ‘सातव्या भावा’च्या, तारेचं वाक्य आलंय. ते पुस्तकात नाही.

पलीकडे मागच्या खोलीचा पंखा ऐकू येत होता. कुणीतरी लेखिकेला विचारलं, मॅडम, चहा? लेखिकेने नको म्हटलं.

“कुणाच्या लक्षात आलंय?” तिने विचारलं.

“नाही. माझ्याशिवाय कुणाच्या नाही.”

“मग राहू दे ना, मास्तरीण,” लेखिका म्हणाली. “एक माणूस तरी बरोबर वाचतोय.”

आणि रांग थांबलीये म्हणून तिने फोन ठेवला.

संपादिका त्या शेवटच्या वाक्यावर बराच वेळ अडून राहिली. पुस्तकाचा शेवट वाचकांना चिडवणारा आहे, हे दोघींना आधीपासून माहीत होतं. पहिली प्रतिक्रिया जशी पडेल तशी पुढची हवा फिरते, हेही लेखिका अनेकदा बोलली होती. शिंप्याकडे जावं, हा टोमणा लेखिकेच्या तोंडी ऐकलेला वाटत होता. पण तो लेकीचाही असू शकत होता. लेक लहानपणापासून लेखिकेच्या मांडीवर बसून हेच बोलणं शिकली होती. मावशीसारखी बोलते, असं संपादिकाच कौतुकाने म्हणायची.

मग तिने लेकीला मेसेज लिहिला. तो तिने तीन वेळा खोडला. शेवटी गेला तो असा: ‘पेला छापील पुस्तकातही तोच निघाला. चूक माझ्याकडून झाली. सकाळी तुला तसं बोलायला नको होतं. पण पहिल्या प्रतिक्रियेतलं तारेचं वाक्य पुस्तकात नाही, ते फक्त कच्च्या प्रतीत आहे. घरी आलीस की बोलू.’

लेकीने मेसेज पाहिला. उत्तर आलं नाही.

मालकांनी जाता जाता विचारलं, चौकशीचं काय झालं? ती म्हणाली, पेल्याची एक चूक माझ्याकडून छापली गेलीये, दुसऱ्या आवृत्तीत सुधारू. मालक दचकले. सुधारू नका, म्हणाले, लोक त्या पेल्यावर जीव टाकतायत. तारेचं तिने त्यांना सांगितलं नाही. सांगायला तिच्याकडे नाव नव्हतं, आणि जी दोन नावं होती ती तिला मालकांसमोर उच्चारायची नव्हती.

घरी जाताना ती बसस्टॉपवर उभी राहून साइट बघत होती. ‘सातव्या भावा’ची प्रतिक्रिया आता सगळ्यात वर होती. खाली शेकड्याने उत्तरं. ती सगळी तिने वाचून काढली, डोळ्यात तेल घालून. कुणी शिंप्याच्या टोमण्यावर चिडलं होतं. कुणी विचारलं होतं, तुम्हाला पुस्तक आधी कसं मिळालं? तार कुठे आहे, कुठल्या पानावर आहे, हे एकानेही विचारलं नव्हतं. वाचक भराभर वाचतात, आणि ज्याचं मत पटतं त्याचा पुरावा तपासत नाहीत. वाक्य जागेवर होतं: ‘टोपलीत तार शिल्लक होती, तरी तिने सुई खाली ठेवली.’ मग बस आली.

घरात दिवा होता. लेक जेवणाच्या टेबलाशी बसून पुस्तक वाचत होती. छापील, नवं, दुकानाच्या पिशवीतून आत्ताच काढलेलं. ती शेवटच्या प्रकरणात होती. मोबाइल शेजारी पालथा पडला होता. संपादिकेने पर्स खुंटीला अडकवली, हात धुतले आणि समोरची खुर्ची ओढली. लेकीने पान पुरं केलं, बोट खुणेला ठेवून पुस्तक मिटलं.

संपादिका म्हणाली की मेसेज मिळाला असेल.

“मिळाला,” लेक म्हणाली. “माफी मागतानासुद्धा त्यात ‘पण’ होतं.”

संपादिकेने ते कबूल केलं. म्हणाली, तो ‘पण’ मी मागे घेते, मला फक्त एकदा सांग. वाचली असलीस तरी चालेल. रागावणार नाही. नोकरीचं मी बघून घेईन. वाचून कुणाला बोलली असलीस तरी चालेल. आणि नसशील, तर नाही म्हण, मी पुन्हा विचारणार नाही.

लेक तिच्याकडे बघत राहिली. ती काहीतरी बोलणार होती, असं संपादिकेला पुढेही वाटत राहिलं. पण त्याआधी संपादिकेने स्वतःच घाण केली. बोलता बोलता तिची नजर पालथ्या मोबाइलकडे गेली. एकदाच, क्षणभर. लेकीने ती पकडली. मोबाइल उचलून तिने आईच्या पुढ्यात ठेवला, पडदा वर करून, कुलूप उघडून. मग पुस्तक घेतलं आणि आपल्या खोलीत गेली. दार लोटलं, कडी लावली नाही.

मोबाइल तसाच उजळलेला होता. संपादिकेने हात लावला नाही. ती त्याच्याकडे पडदा काळा होईपर्यंत बघत राहिली. उघडून काही सापडलं असतं तर लेक हातची गेली असती. काही सापडलं नसतं तर उघडून पाहिला म्हणून गेली असती.

नंतर तिने स्वतःचा मोबाइल काढला आणि साइटवर गेली.

‘सातव्या भावा’ची प्रतिक्रिया अजून सगळ्यात वर होती. आता ती अशी होती: ‘शेवटच्या प्रकरणात खिडकीतला तो टवका उडालेला पेला आला आणि मला पुढचं वाचवेना. सहा पुस्तकं जे तिच्याबरोबर गप्प बसले, त्यांना हे कळेल. ज्यांना बाही पुरी हवी होती त्यांनी शिंप्याकडे जावं.’

मधलं वाक्य नव्हतं. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, ‘सुधारित’, आणि वेळ होती ती तिच्या बसच्या प्रवासातली. त्या वेळी लेक घरी होती, किंवा घराच्या वाटेवर. लेखिका दुकानात होती, किंवा दुकानातून निघाली होती. ते वाक्य पुस्तकात नाही, हे संपादिकेने आज दोघींनाच सांगितलं होतं.

तिने लेखिकेला फोन केला. वाजत राहिला. थोड्या वेळाने मेसेज आला: सह्या करून हात मोडलाय, उद्या बोलू, आणि लेकीला सांग, तिचं काय मत ते मला कळवायला. खोलीतून पान उलटल्याचा आवाज आला, मग आणखी एक. शेवटच्या प्रकरणाची तेवढी पानं उरलेली नव्हती. ती बहुधा मागे जाऊन पुन्हा वाचत होती.

‘सातव्या भावा’ने त्यानंतर काही लिहिलेलं नाही.